बोटात चारशे, दंडात चौऱ्याऐंशी

पंचेचाळिसाव्या मिनिटाला केशरआजीच्या बोटावरचा रक्ताचा थेंब पट्टीनं ओढून घेतला, यंत्रानं पाचपासून उलटे आकडे मोजले आणि पडद्यावर तीनशे अठ्ठ्याऐंशी उभे राहिले. रक्षानं चष्मा काढला, ओढणीला पुसला, परत लावला. तीनशे अठ्ठ्याऐंशी जागचे हलले नव्हते.

"आजी, चक्कर येतेय का?"

"मला? न्हाई गं बाय."

"घसा कोरडा पडलाय? डोळ्यांपुढं अंधारी?"

"अंधारी तुझ्याच तोंडावर आलीया, पोरी. झालं काय?"

काय झालं ते रक्षालाही कळत नव्हतं. केशरआजी खुर्चीवरून उठल्या, कापसाचा बोळा बोटावर दाबत मागच्या पडवीत गेल्या आणि जाता जाता कुणाला तरी काहीतरी बोलून हसल्यासुद्धा. रक्तात एवढी साखर असलेलं माणूस हसत नाही. निदान पुस्तकात तरी तसं लिहिलेलं नव्हतं.

पुढचा परशुराम आला. चारशे पाच.

रक्षा रामनगरची. तिच्या वडिलांचं बाजारपेठेत दुकान होतं. बाजाराच्या दिवशी जोयडा तालुक्यातल्या तेरेमाळची कुणबी माणसं मुडल्यांच्या टोपल्या त्याच दुकानाच्या पायरीवर टेकवून घाम पुसत, त्यामुळे लहानपणापासून ती त्यांना मामा-मामी म्हणत आलेली. मुडली म्हणजे अळकुडीचा थोरला भाऊ. हातभर लांब, मातीचा रंग, उकडली की लोण्यासारखी. रक्षा पुढं आहारशास्त्र शिकली आणि देशभरातल्या खाद्यपदार्थांचा तक्ता जिथं ठेवतात त्या कार्यालयात नोकरीला लागली. कशात प्रथिनं किती, कशात लोह किती, सगळं त्या तक्त्यात. आता त्याला नवा रकाना जोडायचं चाललं होतं, ग्लायसेमिक इंडेक्सचा. निव्वळ ग्लुकोज प्यायल्यावर रक्तातली साखर जेवढी चढते तिला शंभर म्हणायचं आणि पदार्थ खाल्ल्यावर ती किती चढते ते त्या शंभराच्या मापानं सांगायचं.

रक्षा बैठकीत सहसा बोलत नसे. त्या एका बैठकीत मात्र ती बोलली. "जोयड्याची मुडली राहिली," असं ती म्हणाली आणि तिचे साहेब प्रवीण सर यांनी तेवढ्यावर तिला जोयड्याला पाठवलं.

"दहा माणसं हवीत, एकही कमी चालणार नाही," त्यांनी बजावलं. "आणि शुक्रवारी पाचच्या आत आकडा. नाही आला, तर त्या ओळीत बटाट्याचा आकडा उसना भरावा लागेल. जवळचा कंद म्हणून."

ही गोष्ट तेरेमाळात सांगितल्याबरोबर दहा माणसं जमा झाली होती.

"बटाट्याचा आकडा? आमच्या मुडलीला?" फुलामामीनं कमरेवर हात ठेवले.

"बटाटा पिशवीतनं येतो," तिचे यजमान लखूमामा म्हणाले. "मुडलीला कमरेएवढा खड्डा खणाय लागतो."

"तुमी कवा खणलासा?"

लखूमामांनी या प्रश्नाकडे चाळीस वर्षांच्या सवयीनं दुर्लक्ष केलं आणि दहावं नाव म्हणून आपलं नाव लिहायला सांगितलं. बसून करायचं काम आहे, एवढं त्यांनी आधीच विचारून घेतलं होतं.

रक्षानं नियमांची चौदा कलमं मोठ्या अक्षरात लिहून समुदाय भवनाच्या भिंतीला चिकटवली. रात्री आठनंतर काही खायचं नाही. सकाळी हात साबणानं धुऊन यायचं. दोन तास बसून राहायचं. श्रमाचं काम करायचं नाही. दिलं त्याखेरीज तोंडात काही घालायचं नाही. तेरेमाळच्या माणसांनी चौदाच्या चौदा कलमं पाळली. गेल्या तीन सकाळी ती ग्लुकोजचं पाणी प्याली, तोंडं वाकडी केली, पण आकडे शाळेच्या पुस्तकात छापावेत असे आले. दीडशेपर्यंत चढायचे आणि शहाण्यासारखे खाली उतरायचे.

आज गुरुवार, मुडलीचा दिवस. उपाशीपोटीचे दहाही आकडे झकास आले. मग मोजून उकडलेली मुडली, मीठसुद्धा न घालता. आणि पंधराव्या मिनिटापासून हे असं.

प्रत्येकाला दोन तासांत सात वेळा टोचायचं, आणि दहा जण एकामागून एक, मिनिटामिनिटाच्या अंतरानं. त्यामुळे रक्षाला टेबल सोडता येत नव्हतं. आशा कार्यकर्ती विमलअक्का मागच्या पडवीतून एकेकाला आत पाठवायची, रक्षा बोट स्पिरिटनं पुसायची, टोचायची, आकडा वहीत आणि कार्यालयाच्या टॅबवर लिहायची. साठाव्या मिनिटाची फेरी संपली तेव्हा तिच्या वहीत असं दिसत होतं: तीनशे बारा, चारशे पाच, तीनशे साठ, चारशे एकाहत्तर, आणि फुलामामीच्या वेळी यंत्रानं आकडा दाखवायचंच नाकारलं, नुसतं 'हाय' लिहिलं, म्हणजे माझ्या मोजण्यापलीकडचं.

फक्त एका माणसाचा आकडा माणसासारखा होता. लखूमामा, एकशे अठरा.

दहात नऊ एकीकडं आणि एक दुसरीकडं असेल तर चुकलेला तो एक. रक्षानं लखूमामांच्या नावावर पेन्सिलनं एक बारीक रेघ ओढली. प्रयोगाच्या वहीत गिरगटायचं नाही, खालचं वाचता आलं पाहिजे, अशी तिला शिस्त होती.

मग अर्ध्या तासाची फट मिळाली तशी तिनं शोध सुरू केला. यंत्र तपासायचं पाणी काढलं; यंत्र बरोबर. नवी पट्ट्यांची डबी फोडली, तेच. स्वतःचं बोट टोचलं, एक्क्याण्णव. म्हणजे यंत्र शहाणं, पट्ट्या शहाण्या, तिचं स्वतःचं रक्तही शहाणं. उरलं पातेलं.

"मामी," तिनं दारातूनच हाक मारली, "पातेल्यात काही घातलं होतंत का? गूळ, साखर, काहीही?"

फुलामामी लगबगीनं आत आली आणि मागं दार ओढून घेतलं. "मीठ बी न्हाई घातलं! तूच म्हटलीस न्हवं का, घालू नका म्हणून? तुझ्या त्या कागदावर चौदा गोष्टी हायेत. माझी सून बी एवढं ऐकत न्हाई माझं."

"आणि तुम्ही सगळे मागं काय करताय?"

"बसलोय. बसून ऱ्हावा म्हटलंस, बसलोय."

यात खोटं काही नव्हतं. एवढ्यात विमलअक्कानं रक्षाच्या खांद्यावरून वहीत डोकावलं आणि तिचा हात गालावर गेला.

"अगं बाय! चारशे एकाहत्तर? माझा चुलता तीनशे नव्वदला बेशुद्ध पडला हुता!"

"अक्का, थांबा, आधी मला..."

पण विमलअक्का थांबणाऱ्यातली असती तर आशा कार्यकर्ती झाली नसती. समुदाय भवनामागं उंच कातळ होता आणि त्याच्या टोकावर उभं राहिलं की मोबाईलला दोन दांड्या मिळायच्या. पदर खोचून ती कातळावर चढली आणि तिथून तिनं रुग्णवाहिकेला फोन लावला. तिचा आवाज असा होता की दांड्या नसत्या तरी तो जोयड्यापर्यंत गेला असता.

"नऊ जण हायेत! न्हाई, अपघात न्हाई. खाल्लं... मुडली. साऱ्यांनी एकाच पातेल्यातली. व्हय, खाल्ल्यावरच सुरू झालं. व्हय, नऊ बी सिरियस!"

पलीकडच्या माणसापुढच्या यादीत ग्लायसेमिक इंडेक्स अशी चौकट नव्हती. विषबाधा अशी होती. त्यानं त्या चौकटीवर बोट ठेवलं.

रुग्णवाहिका रस्त्यावर यायला दीड तास लागला, त्यामुळे उरलेल्या दोन्ही टोचण्या वेळेवर पार पडल्या. जग बुडालं तरी रक्षाची नोंद चुकत नसे. शेवटचा आकडा लिहून, टॅब काखेत मारून ती स्वतः कातळावर चढली आणि तिनं प्रवीण सरांना फोन लावला. तिनं अजून तोंड उघडलं नव्हतं, तोच पलीकडून आवाज आला.

"रक्षा, हे काय पाठवलंयस?"

"मी? मी काहीच पाठवलेलं नाही सर."

"माझ्यासमोर आलंय. मुडली, दोनशे चौसष्ट."

रक्षानं काखेतला टॅब काढून पाहिला. चार दिवस तेरेमाळात नेटवर्क नाही म्हणून मुकाट बसलेल्या त्या टॅबनं दोन दांड्या दिसताच सगळे आकडे हिशेबासकट परस्पर वर पोचवले होते.

"अगं, निव्वळ ग्लुकोज शंभर असतो. ही तुमची मुडली आहे की साखर कारखाना? हे तक्त्यात गेलं तर देशातला एक डॉक्टर मधुमेहाच्या पेशंटला मुडलीच्या वाऱ्याला उभा करणार नाही. मी तूर्त अडवून ठेवतो. उद्या पाचपर्यंत नीट आकडा आला तर ठीक. नाहीतर..."

"बटाटा," रक्षा म्हणाली आणि कातळावरच बसली.

बसते तोच दुसरा फोन. रामनगरहून वडिलांचा.

"रक्षा, मुडली खाऊन तेरेमाळात नऊ माणसं आडवी पडली म्हणं? इथं सगळ्यांच्या मोबाईलवर आलंय. आज बाजार हाय, आनी मुडलीच्या टोपलीकडं कुणी बघंना झालंय. तेरेमाळचा पुंडलिक तर तीन टोपल्या घेऊन तसाच परत चाललाय."

"कुणीही आडवं पडलेलं नाही, बाबा."

हे ती सांगत होती तेव्हा खाली खरोखर दोन माणसं स्ट्रेचरवर आडवी पडत होती. रुग्णवाहिका आली होती, तिच्यामागं वनखात्याची जीप आली होती आणि माणूस उभं असलं तर स्ट्रेचरवर घेता येत नाही म्हणून केशरआजीला आग्रह करकरून झोपवलं जात होतं.

"मला धड चालता येतंय की रं!"

"आजी, बोलू नका. शक्ती राखून ठेवा."

"शक्ती कशाला राखू? दोन तास बसूनच हाय मी!"

नऊ जण गाड्यांत भरले. लखूमामा एकटेच अंगणात उरले आणि त्यांचा चेहरा पडला.

"मला का न्हाई?"

"तुम्हाला काही झालेलं नाही, मामा."

"जन्मात पयल्यांदा सारा गाव एकत्र गाडीत बसून कुठं निघालाय, आनी मलाच काय झालं न्हाई?" असं म्हणून ते जीपच्या मागच्या फळीवर चढले.

जोयड्याच्या दवाखान्यात डॉक्टर गणपती तयारीत उभे होते. तरुण माणूस, तिकडं कुमट्याकडचा, मराठी बोलताना मध्येच कन्नडमध्ये घसरणारा. त्यांना ओकाऱ्या, घाम, गुंगी यांची अपेक्षा होती. त्यांच्यापुढं नऊ माणसं ओळीनं बाकावर बसली आणि त्यातल्या एकीनं विचारलं, "डॉक्टर, इथं च्या मिळंल का? उपाशी हाय."

नर्सनं फुलामामीचं बोट स्पिरिटनं पुसलं आणि टोचलं. चारशे दोन. दवाखान्याचं यंत्र, दवाखान्याच्या पट्ट्या. रक्षाची उरलीसुरली आशा मावळली.

"अय्यो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी फुलामामीच्या डोळ्यांत बत्ती मारली, जीभ पाहिली, नाडी धरली. "मामी, हे बोट किती?"

"एकच. आनी त्येचं नख कापा, डॉक्टर."

डॉक्टरांनी दंडाला पट्टा आवळला, शिरेतून रक्त काढलं आणि बाटली आतल्या मोठ्या यंत्राकडं पाठवली. रक्षा भिंतीला टेकून उभी होती. मुडलीच्या आकड्याचा विचार तिनं सोडून दिला होता. या माणसांना आपण चार दिवस काय केलं, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं.

डॉक्टर कागद घेऊन बाहेर आले. त्यांनी कागदाकडं पाहिलं, फुलामामीकडं पाहिलं, परत कागदाकडं पाहिलं.

"चौऱ्याऐंशी."

"कुणाचे?" रक्षानं विचारलं.

"हिचे. बोटात चारशे, दंडात चौऱ्याऐंशी. मी सात वर्षं डॉक्टर आहे. एका बाईत दोन बायका मी अजून पाहिल्या नव्हत्या."

"म्हंजे साखर बोटापतुरच आलीया?" परशुरामनं विचारलं. "वर चढली न्हाई अजून?"

सगळे हसले. रक्षा हसली नाही. ती फुलामामीच्या बोटांकडं बघत होती. साखर रक्तात नाही. यंत्रं खोटं बोलत नाहीत. मग ती रक्ताबाहेर आहे. तिनं मामीचा हात धरून तिला नळापाशी नेलं, साबणानं मनगटापर्यंत घासघासून धुतला, कोरडा केला आणि त्याच बोटाला परत टोचलं.

शहाऐंशी.

"मामी," रक्षाचा आवाज एकदम बारीक झाला, "हाताला काय लावलं होतंत?"

"हाताला? काय न्हाई. चिंच."

"चिंच कशाला?"

बाकावर चुळबुळ झाली. नऊ माणसांनी एकमेकांकडं पाहिलं आणि शेवटी केशरआजी म्हणाल्या, "सांग आता. लपवून काय करायचं."

झालं होतं ते असं. रक्षा चार दिवस तेरेमाळात होती आणि कामात ढवळाढवळ नको म्हणून तिनं कुणाच्या घरी घासभर खाल्लं नव्हतं. आलेली लेक उपाशी परत जाणार, ही गोष्ट गावाला लागली होती. म्हणून आज टोचणी संपल्यावर तिला न विचारता साऱ्या गावाचं जेवण घालायचं ठरलं होतं. जेवण म्हणजे मुडलीची भाजी, आणि एवढ्या मुडल्या सोलायच्या म्हणजे दोन तासांचं काम. नेमके नऊ जण दोन तास रिकामे बसणार होते. रिकाम्या हातानं बसणं तेरेमाळात आजाऱ्याला शोभतं. पडवीत टोपल्या आणून ठेवल्या होत्या. कच्ची मुडली सोलली की हाताला खाज सुटते, आणि खाज सुटली की चिंच कोळून चोळायची, हे तिथल्या पोराटोरांनाही ठाऊक. दर पाच-दहा मिनिटांनी माणूस उठायचं, हाताला चिंच चोळायचं, पदराला नाहीतर धोतराला पुसायचं आणि टोचून घ्यायला आत यायचं.

"खायाची न्हाई म्हटलंस," फुलामामी म्हणाली. "आमी कणभर तोंडात घातली न्हाई. हाताला लावू नका असं तुझ्या चौदात कुठं हाय?"

नव्हतं. 'सकाळी हात धुऊन यावे' असं होतं, आणि ते सगळे सकाळी हात धुऊनच आले होते.

"पण चिंचेत साखर असते, मामी," रक्षा म्हणाली. "भरपूर असते. आंबटपणापुढं जिभेला ती कळत नाही, यंत्राला कळते. आणि स्पिरिटनं ती जात नाही, पाण्यानंच जाते." शेवटचं वाक्य ती स्वतःलाच सांगत होती. हे तिला कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला शिकवलं होतं आणि त्या पेपरात तिला सर्वांत जास्त गुण होते.

रुग्णवाहिकेनं, स्ट्रेचरनं, डॉक्टरनं जे झालं नाही ते या वाक्यानं झालं. तेरेमाळच्या माणसांना धक्का बसला.

"चिंच गोड?" परशुराम म्हणाला.

"आतनं गोड," रक्षा म्हणाली.

"म्हंजे आमच्या केशरआत्तीसारखी," फुलामामी म्हणाली. "वरनं नुसती आंबट."

"आनी तू गं? तुझ्यात तर यंत्राला आकडाच सापडंना!" केशरआजींनी तिथल्या तिथं परतफेड केली.

या सगळ्या गोंधळात एकच माणूस छाती पुढं काढून उभा होता. लखूमामांचं रक्त पहिल्यापासून खरं होतं. त्यांनी मुडली सोलली नव्हती, म्हणून खाज नव्हती, म्हणून चिंच नव्हती. पडवीच्या खांबाला टेकून ते दोन तास डोळे मिटून पडले होते.

"दहा जणांत शास्त्राप्रमाणं वागलेला मी एकटा," ते परतीच्या वाटेवर जीपमध्ये म्हणाले.

"शास्त्राप्रमाणं निजला हुता तुमी," फुलामामी म्हणाली.

"बसून ऱ्हायचं असा नियम हाय. कलम आठ."

"चाळीस वरसं कलम आठ चाललंय आमच्या घरात!"

सारी जीप हसली. तेरेमाळ येईपर्यंत हसत राहिली. सुरुवातीला लखूमामाही हसत होते, पण एका वळणावर केशरआजी म्हणाल्या, "लखू, लेका, तुला काम करताना बघितलं असं शपथेवर सांगणारं एक माणूस दाव मला," आणि त्यावर खरोखरच कुणी पुढं येईना, तेव्हा ते बाहेरच्या झाडांकडं बघू लागले.

शुक्रवारी सकाळी रक्षानं कसर ठेवली नाही. पडवीचं दार बंद. दहाही जण तिच्या डोळ्यांसमोर चटईवर, एका ओळीत. शेजारी बादली, साबण, स्वच्छ पंचे; प्रत्येक टोचणीआधी हात धुवायचे. कुणी टोपली आणायची नाही, सुरी आणायची नाही, दोरी वळायची नाही, काहीही करायचं नाही.

"नुसतं बसायचं?" केशरआजींनी हातांकडं असं पाहिलं, जणू ते दुसऱ्या कुणाचे आहेत. "शिक्षाच की गं ही."

पण बसल्या. मुडली खाल्ली, हात धुतले, बोटं पुढं केली. पंधराव्या मिनिटाला एकशे आठ. तिसाव्याला एकशे एकवीस. पंचेचाळिसाव्याला हळूहळू उतार. रक्षा प्रत्येक आकडा लिहून क्षणभर त्याच्याकडं बघत होती. आकडे कसे डोंगरउताराच्या पाण्यासारखे खाली येत होते. मुडली बटाट्याच्या कितीतरी खाली राहणार, हे साठाव्या मिनिटालाच दिसायला लागलं. विमलअक्कानं कातळावर जाऊन रामनगरला फोनही करून टाकला की सगळे जिवंत आहेत आणि पुन्हा तीच मुडली खातायत.

साठनंतर अर्धा तास मोकळा. लखूमामा पोटावर हात ठेवून म्हणाले, "जरा मागं जाऊन येतो." अशा परवानगीला रक्षा नाही म्हणू शकत नव्हती.

नव्वदाव्या मिनिटाला नऊ जण झाले आणि दहाव्याच्या वेळी खुर्ची रिकामीच राहिली. रक्षा घड्याळाकडं बघत उभी राहिली, तेव्हा लखूमामा दारात आले. अंगातला सदरा भिजून पाठीला चिकटलेला, तोंड लाल, छाती भात्यासारखी वरखाली, आणि गुडघे एकमेकांवर आपटत होते. त्यांनी नियमाप्रमाणं बादलीत हात बुडवले, साबण लावला, पंच्याला पुसले आणि बोट पुढं केलं. बोट इतकं थरथरत होतं की रक्षाला ते धरून ठेवावं लागलं.

अठ्ठावन्न.

"मामा!" रक्षा ओरडली. उपाशीपोटीपेक्षाही हा आकडा खाली होता. "तुम्ही काय करून आलात?"

"चिंच न्हाई लावली," लखूमामा धापा टाकत म्हणाले. "शपथ. हाताचा वास घेऊन बघ."

"मग?"

फुलामामीनं तोवर मागचं दार उघडलं होतं आणि ती तिथंच उभी राहिली. मागच्या अंगणाच्या पार टोकाला गेल्या पावसाळ्यापासून पडलेला अख्खा फणसाचा ओंडका होता. तो आता नव्हता. त्याच्या जागी फोडलेल्या लाकडांचा ढीग होता आणि वर कुऱ्हाड रोवलेली होती.

"ही कुणी फोडली?" तिनं विचारलं.

"मी."

"तुमी?"

"काल सारे हसला न्हवं? म्हटलं, आज तुमी सगळी बांधल्यासारखी बसणार. आज साऱ्या तेरेमाळात काम करणारा मी एकलाच असीन." लखूमामा खुर्चीवर कोसळले. "पाणी द्या रं कुणीतरी."

त्यांना पाणी दिलं, पडवीत आडवं केलं, विमलअक्कानं वारा घातला. दहा मिनिटांत ते ताळ्यावर आले. पण रक्षाच्या वहीतला आकडा काही ताळ्यावर येणार नव्हता. हात धुऊन चिंच जाते. घाम गाळून खर्च केलेली साखर परत आणता येत नाही. कलम नऊ: श्रमाचं काम करू नये. उरले नऊ. आणि दहा हवेत, एकही कमी चालणार नाही.

दुपारचे साडेबारा वाजले होते. नवा माणूस आणायचा तर त्यानं रात्रीपासून उपाशी हवं, त्याच्या तीन सकाळी ग्लुकोजच्या हव्यात. रक्षा वही पुढ्यात घेऊन बसली. समोर नऊ माणसं चटईवरच बसून होती. दोन तास संपले होते तरी कुणी उठलं नाही.

"बटाटाच का मग?" केशरआजींनी हळूच विचारलं.

रक्षाचं लक्ष वहीत होतं. ती पानं मागं उलटत होती. गुरुवार. नऊ जणांच्या वेड्या आकड्यांच्या खाली दहावं नाव होतं आणि त्यावर पेन्सिलची एक बारीक रेघ. रेघेखालचे सातही आकडे स्वच्छ वाचता येत होते. शहाऐंशी, एकशे पाच, एकशे चोवीस... उपाशीपोटी आलेला, हात धुतलेला, दोन तास जागचा न हललेला माणूस.

तिनं खोडरबर काढलं आणि रेघ पुसली.

नऊ शुक्रवारचे, एक गुरुवारचा. दहा. तिनं बेरजा केल्या, परत केल्या, उलट्या बाजूनं करून पाहिल्या. चोपन्न. पंचावन्नच्या आत, म्हणजे सर्वांत चांगल्या गटात.

पावणेपाचला कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती. मध्यभागी रक्षा टॅब उंच धरून, तिच्याभोवती अख्खं तेरेमाळ, आणि चढवत नव्हतं तरी दोघांच्या खांद्यांवर हात टाकून आलेले लखूमामा. चोपन्न हा आकडा भरला. पद्धत भरली. तारखा भरल्या, आणि तिथं टॅब अडला. पडद्यावर तांबडी चौकट आली: एका सहभागीची चाचणी वेगळ्या दिवशी घेण्याचं कारण लिहा. रिकामी सोडता येणार नाही.

रक्षानं क्षणभर विचार केला आणि जे खरं होतं ते लिहिलं. खोटं लिहायची तिला सवय नव्हती.

"काय लिवलंस?" फुलामामीनं विचारलं.

रक्षानं वाचून दाखवलं, "सहभागी क्रमांक दहा शुक्रवारी अचानक श्रमाचे काम करू लागल्यामुळे."

कातळावरच्या साऱ्या माना टॅबकडं वळल्या.

"दहा लंबर म्हंजे हेच न्हवं?" फुलामामीनं यजमानांकडं बोट दाखवलं.

"हेच."

"आनी हे कुठं दिसणार?"

"तक्त्यात. मुडलीच्या ओळीखाली. देशात कुणीही मुडली काढून बघितली की खाली दिसेल."

"कायमचं?"

"कायमचं."

लखूमामांनी दोन्ही खांद्यांवरचे हात काढून घेतले. "रक्षा," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "त्यातलं 'काम' काढून दुसरं काय टाकता येत न्हाई? पोट बिघडलं म्हण. ताप म्हण. एकदा हे असं लिवलं गेलं, की मी करू शकतो हे साऱ्यांस्नी कळंल की गं!"

पण रक्षाचं बोट टेकलं होतं. पडद्यावर एक गोल फिरला, फिरत राहिला. लखूमामा डोळे मोठे करून त्या दोन दांड्यांकडं बघत होते. मग गोल थांबला आणि हिरवी खूण उमटली.

"जमा झालं," रक्षा म्हणाली, आणि अख्ख्या कातळावर टाळ्या पडल्या. कुणीतरी रामनगरला फोन लावून चोपन्न, चोपन्न असं ओरडायला लागलं. फुलामामीनं मात्र टाळ्या वाजवल्या नाहीत. विमलअक्काला जरा बाजूला घेऊन ती विचारत होती, की त्या तळाच्या ओळीची छापील प्रत काढली, तर दारासमोरच्या भिंतीवर लांबूनही वाचता येईल एवढी मोठी मिळेल का.